शेंड्याचं हिरवं

भाद्रपद सरत आला की माझे हात काळ्या कागदाच्या शोधाला लागतात. खडूची पेटी घ्यायला स्टेशनरीच्या दुकानात शिरलो तरी नजर आधी वरच्या फळीवर जाते. तिथे चार्टपेपरच्या गुंडाळ्या उभ्या असतात. गुलाबी, पोपटी, आकाशी, आणि सगळ्यांच्या मागे, फारसा कुणी मागत नाही म्हणून धूळ खात पडलेला काळा. दुकानदार ओळखीचा आहे. सातवीचा प्रयोग आला वाटतं, असं तो म्हणतो, आणि मी हो म्हणतो. ते खोटं नसतं, पण पुरतं खरंही नसतं.

जळगावात हे दिवस मोठे विचित्र असतात. पाऊस गेला म्हणावं तर संध्याकाळी एखादा ढग उगाच दरडावून जातो. थंडी यायला अजून अवकाश असतो. मधल्या मधे ऊन असं तापतं की दुपारी शाळेच्या पटांगणातल्या नळाला हात लावता येत नाही. रस्त्याने केळीच्या घडांचे ट्रक जातात आणि त्यांच्यामागे वाळलेली पानं फरफटत राहतात. वर्गात पोरं बाकावर धड बसत नाहीत. पंखा फिरतो, वारा लागत नाही. मी तर मुळातच एका जागी न टिकणारा माणूस. चहाचा कप हातात घेऊन घरभर हिंडतो. तुमचा चहा कोणत्या खोलीत संपतो ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही, असं बायको म्हणते. पण या दिवसांतल्या माझ्या येरझाऱ्या वेगळ्या. त्या फिरून फिरून आमच्या घरातल्या एकाच खोलीपाशी येतात. देवाच्या खोलीपाशी.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग दरवर्षी याच सुमारास येतो. कुंडीतली जास्वंद प्रयोगशाळेच्या कपाटात कोंडायची, म्हणजे पानात साठलेलं पिष्ट संपून जातं. मग बाहेर काढून एका पानाला मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावायची आणि कुंडी उन्हात ठेवायची. संध्याकाळी ते पान तोडून आधी पाण्यात, मग स्पिरिटमध्ये उकळायचं. पानाचा हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरत जातो आणि पान म्हाताऱ्या माणसाच्या तळहातासारखं पांढुरकं, मऊ होतं. त्यावर आयोडीनचे थेंब टाकले की जिथे ऊन लागलं तिथे काळंनिळं होतं आणि पट्टीखालचा भाग तसाच कोरा राहतो. पोरं दरवेळी "ओऽऽ" करतात. मीही करतो, मनातल्या मनात. इतकी वर्षं झाली, तरी ती कोरी पट्टी पाहिली की मला बरं वाटत नाही. पान तेच, ऊन तेच, देठातून येणारं पाणी तेच. एवढ्याशा कागदाने तेवढीच जागा उपाशी राहिली.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी नानांचा आवाज बसला होता. नाना म्हणजे माझे वडील. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात नानांचा आवाज ही सार्वजनिक मालमत्ता होती. नदीच्या या काठावरून पलीकडच्या वावरातल्या माणसाला ते हाक मारायचे आणि तो माणूस हातातलं काम टाकून उभा राहायचा. फोन आल्यावरही ते फोनवर असंच बोलायचे. फोनची गरजच काय होती, असं ऐकणाऱ्याला वाटावं. तो आवाज उन्हाळ्यापासून घोगरा झाला. गावात सगळ्यांनी सगळे उपाय सांगून झाले. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, तंबाखू सोडा हेही सांगून झालं. पोळ्याला मी गावी गेलो तेव्हा नाना बैलाला हाक मारत होते आणि बैल वळून पाहत नव्हता. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

जळगावच्या डॉक्टरांनी घशातून नळी घालून तुकडा काढला आणि तपासायला मुंबईला पाठवला. रिपोर्ट दसऱ्याच्या पुढेमागे येईल म्हणाले. तोवर नानांनी बोलायचं नाही, आवाजाला पूर्ण विश्रांती. म्हणून नाना आणि माय दोघंही नवरात्राला आमच्याकडेच राहिले. एरवी माय नवरात्रात घर सोडून कुठे जाणारी नव्हे. ती आली ती पॅसेंजरमधून एक गोणपाटाची पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं डाळ असेल, मिरची असेल. हात लावला तर काळी माती. आमच्या वावरातली माती आणि आमच्याच पेवातले मूठभर गहू. घट परक्या मातीत बसत नाही, एवढंच ती म्हणाली, आणि पिशवी तिने मला उचलू दिली नाही.

आमच्याकडे घट म्हणजे पत्रावळीवर मातीचा थर, त्यात पेरलेले गहू, मधे पाण्याने भरलेला मातीचा कलश, वर नारळ. शेजारी अखंड दिवा. रोज फुलांची एक माळ चढते, आणि दिवस मोजायचे तेही माळांनीच. दसऱ्याला घट हलवतात आणि उगवलेले तुरे घरातल्या पुरुषांच्या टोपीत खोवतात. गावाकडे आमच्या देवाची खोली धान्याच्या कोठीमागे होती. खिडकी नावाला नाही. दिव्याच्या उजेडात घट उगवायचा तो हातभर लांब आणि केशरात बुचकळून काढल्यासारखा पिवळा. जेवढा पिवळा तेवढं वर्ष चांगलं, असं माय मानायची, तिची सासू मानायची, सगळा गाव मानायचा. नाना काही मानायचे नाहीत. ते देवीला नमस्कार करायचे आणि मग ओसरीवर येऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या आवाजात म्हणायचे, "वावरमा गहू पिवया पडना ते युरिया टाकतस, अन् घटमा पिवया पडना ते पाया पडतस." माय आतून काहीतरी पुटपुटायची. आम्ही पोरं हसायचो. दरवर्षी तेच बोलणं, तेच हसणं.

जळगावच्या घरात देवाची खोली पूर्वेला आहे आणि तिला भलीमोठी सरकती खिडकी आहे. घर बांधताना बायकोने तेवढा एक हट्ट धरला होता, की देवाला सकाळचं ऊन मिळायला हवं. मिळतं. सकाळी तिथे इतका लख्ख उजेड असतो की दिवा लावलाय की नाही हे हात जवळ नेऊन पाहावं लागतं. मायने घट बसवला तो त्या खिडकीखालीच. दिवाणखान्यात नानांची खाट टाकली होती. त्यांना पडल्यापडल्या देवीचं दर्शन व्हावं म्हणून खाट मुद्दाम त्या खोलीच्या दारासमोर ठेवली होती.

मग वाट पाहणं सुरू झालं. देव पाण्यात घालून बसणं म्हणतात ते काय असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बसणं कसलं? मी बसतच नव्हतो. शाळेत तासाला उभा, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, घरी आलो की गॅलरी ते स्वयंपाकघर. फोन खिशात थरथरला की मी हातातलं टाकून तो काढायचो, आणि फोन सिमकार्डवाल्यांचा असायचा. लॅबच्या माणसाला मी इतक्या वेळा फोन केला की तो माझं नाव न विचारता "नाही आला सर" म्हणायला लागला. नाना खाटेवर गप्प. त्यांना गावाकडच्या कापसाची काळजी होती. पहिली वेचणी आली होती आणि बाया मिळत नव्हत्या. ते हाताने खुणा करायचे, कुणाला फोन कर, काय विचार, आणि मला खूण कळली नाही की भिंतीकडे तोंड करायचे. माय दिवसातून कितीदा तरी देवाच्या खोलीत जायची आणि वाकून मातीकडे पाहायची. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. त्या घरात त्या दिवसांत सगळ्यात जास्त आवाज मिक्सरचा होता.

तिसऱ्या माळेला गहू वर आले. मी शाळेत निघालो होतो, बूट घालत होतो. माय खोलीच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली.

"हिरवं उगनं, भाऊ," ती मला म्हणाली. "आपला घरमा कधी हिरवं उगनं नही."

मी एका पायात बूट घालून आत गेलो. खरंच, बोटाच्या पेराएवढे ठेंगणे, टणक, हिरवेगार कोंब आले होते. सकाळचं ऊन त्यांच्यावर थेट पडत होतं. कुठल्याही शेतकऱ्याने दृष्ट काढावी असे कोंब. मला आधी हसू आलं आणि मायच्या चेहऱ्याकडे पाहून ते विरलं. मग मी जे करायला नको होतं तेच केलं. शिकवायला लागलो. उजेड मिळाला की कोंबात हरितद्रव्य तयार होतं, गावाकडे अंधार होता म्हणून पिवळं यायचं, इथे खिडकी आहे म्हणून हिरवं आलं, यात शुभ-अशुभ काही नाही, उलट हे निरोगी आहे वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. सातवीचा वर्गसुद्धा इतका शांत नसतो.

"हाई तुना शाळाना पोऱ्यासले सांग," ती म्हणाली. "माले सांगू नको."

त्या दिवशी तिचा उपास नव्हता, तरी सकाळी ती जेवली नाही. नानांच्या पायाशी बसून राहिली. नानांनी हाताने विचारलं, काय झालं? तिने काही नाही अशी मान हलवली. मी शाळेत गेलो तर खरा, पण दिवसभर ती मान हलताना दिसत राहिली.

त्याच आठवड्यात सातवीचा आणखी एक प्रयोग चालू होता. पोरांनी चहाच्या कागदी कपांत गहू पेरले होते. अर्धे कप खिडकीत, अर्धे कपाटात, हाडांच्या सापळ्याच्या पायाशी. त्या दुपारी आम्ही कपाट उघडलं. खिडकीतले कोंब बुटके आणि हिरवे होते. कपाटातले पिवळे, लांबच लांब, एकमेकांच्या अंगावर रेललेले. वर्गात कुजबुज झाली. असोद्याहून एसटीने येणारी भाग्यश्री नावाची एक मुलगी होती, तिला गप्प राहणं जमत नसे. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, अंधारातला पास झाला."

वर्ग हसला. मी म्हणालो, तो वाढलेला नाही, तो शोधतोय. उजेड कुठे आहे ते त्याला माहीत नाही, म्हणून तो नुसता वर वर ताणत चाललाय. दाण्यातून निघताना जी शिदोरी बांधून दिली होती तेवढीच त्याच्याकडे आहे, आणि नवीन अन्न तयार करता येत नाही म्हणून तीच खात खात तो धावतोय. शिदोरी संपली की आडवा होईल. भाग्यश्रीने कपातल्या त्या पिवळ्या कोंबाकडे पाहिलं आणि विचारलं, मग सर, त्याला हे कुणी सांगत का नाही?

मी फळ्याकडे वळलो. पाठ वर्गाकडे असली की शिक्षकाला बरंच काही करता येतं. मी डोळे पुसले. शोधतोय, धावतोय, जवळची शिदोरी खातोय, हे मी कुणाबद्दल बोलत होतो ते मला फळ्यासमोर कळलं. त्या आठवड्यात मी पाच-सहा माणसांएवढी धावपळ केली होती आणि एक पाऊल पुढे गेलो नव्हतो.

शाळा सुटली. टेबलावर पानांना लावून उरलेला काळा कागद पडला होता. आधी उचलला तो टाकून द्यायलाच. मग त्याची गुंडाळी केली आणि काखेत मारली. घरी जाईपर्यंत मी स्वतःशी भांडत होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुपारी पोरांना जे दुखणं म्हणून दाखवलं तेच मी आता घरी जाऊन मुद्दाम लावणार होतो. पण माय जेवली नव्हती. त्या एका गोष्टीपुढे माझं सगळं हरितद्रव्य फिकं पडलं.

माय शेजारणीबरोबर देवीच्या आरतीला गेली होती. मी खिडकीच्या काचेला आतून काळा कागद लावला, कडांना चिकटपट्टी मारली. खोली अंधारली आणि दिव्याची ज्योत एकदम मोठी दिसायला लागली. माय आल्यावर म्हणालो, सरकत्या खिडकीच्या फटीतून वारा येतो, अखंड दिवा विझायला नको म्हणून लावलाय. फटीला नुसती पट्टी मारली असती तरी भागलं असतं, हे बायकोच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली. माय खिडकीजवळ गेली, कागदावरून हात फिरवला.

"बरं करं, भाऊ," एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती जेवली. खोलीचं दारही त्या दिवसापासून ती ओढून घ्यायला लागली, वाऱ्यासाठीच.

नंतरच्या माळांना कोंब सरसर वाढले. जळगावच्या आमच्या देवाच्या खोलीत गावाकडच्यासारखा पिवळा घट उगवला. अष्टमीला फुलोरा बांधला तेव्हा तुरे नारळाच्या वर गेले होते. शेजारच्या बाया पाहायला आल्या, हात जोडून गेल्या. मायच्या चालण्यात थोडा जोर आला. मी मात्र त्या घटाकडे पाहायचं टाळत होतो, कारण मला त्यात एक गोष्ट दिसत होती आणि ती आणखी कुणाला दिसू नये असं वाटत होतं. गव्हाचं पातं बुडातून वाढतं. जुना भाग वर ढकलला जातो आणि नवा खालून येतो. आमच्या प्रत्येक पात्याच्या शेंड्याला पेरभर हिरवं होतं आणि त्याच्याखाली सगळं पिवळं. कागद लावण्याआधीचं हिरवं. मी ते झाकू शकलो नव्हतो, ते नुसतं उंच गेलं होतं.

दसऱ्याला सकाळी घट हलवला. मी स्वयंपाकघराच्या दारात चहा घेऊन उभा होतो. माय पाठमोरी बसली होती. तिने चांगले लांब तुरे निवडले, मुळं धुतली. मग अंगठ्याचं नख लावून एकेका पात्याचा हिरवा शेंडा खुडला. घाईने नाही, भाजी निवडावी तसा. खुडलेले शेंडे तिने पदरात घेतले, उठली, गॅलरीतल्या तुळशीच्या मातीत ते दाबले आणि हात पुसले. मग नानांपाशी गेली. त्यांच्या टोपीत तिने तुरा खोवला. नखशिखान्त पिवळा.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणजे तिला सगळं कळलं होतं. कदाचित कागदावरून हात फिरवला तेव्हाच. मी तिच्यासाठी झाकलं होतं, आणि तिने ते पुढे नानांसाठी झाकलं. नानांनी टोपी सारखी केली, आरशात पाहिलं आणि मान डोलावली. बोलायची मनाई होती, म्हणून असेल, असं मला वाटलं.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला. गाठ वाईट होती. पण लहान होती आणि वेळेत सापडली होती. पुढचे महिने दवाखान्यात गेले. नानांच्या गळ्याला किरणांचे शेक दिले, कातडी काळवंडली, गिळताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नाना वाचले. आवाज तेवढा परत आला नाही. जो आला तो वाळल्या कडब्यावरून कुणी चालत जावं तसा. आता त्यांना नदीच्या पलीकडे कुणाला हाक मारता येत नाही. ते काठावर उभे राहतात आणि टोपी हलवतात.

तेव्हापासून दरवर्षी या दिवसांत त्यांची तपासणी असते, म्हणून दरवर्षी नवरात्र आमच्याकडे. मातीची पिशवी येते, गहू येतात. आणि मी कागद लावतो. पहिल्या वर्षी निमित्त दिव्याचं होतं; पुढे निमित्त सांगायचीही गरज उरली नाही. मायने घट बसवला की मी खुर्ची आणायची आणि खिडकी काळी करायची, हा जणू आमच्याकडचा विधीच झाला. आता पहिल्या माळेपासूनच अंधार, त्यामुळे शेंड्याला हिरवंही राहत नाही. घट पिवळाजर्द येतो आणि तपासणी चांगली निघते. दोन्हींचा संबंध नाही, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. तरी एका वर्षी दुकानात काळा कागद संपला होता, तेव्हा मी घामाघूम होऊन बाजारभर फिरलो, आणि शेवटी शिंप्याकडून अस्तराचं काळं कापड आणलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात तर मी स्वतः चिकटपट्टीने लावतो. जे सोंग मी स्वतः उभं केलं होतं, त्याचीच मला भीती वाटायला लागली होती. लहान मुलं चादर पांघरून भूत होतात आणि आरशात पाहून स्वतःच रडतात, तसं.

यंदा तपासणी नवरात्राच्या आधीच झाली. डॉक्टरांना जुन्या जागेशेजारी काहीतरी दिसलं. काही नसेलही, म्हणाले, पण तुकडा पाठवू. पुन्हा मुंबई, पुन्हा दसऱ्याच्या पुढेमागे. मी दवाखान्यातून निघालो तो थेट स्टेशनरीच्या दुकानात. काळा कागद एक नाही, दोन घेतले.

घट बसला. मी खुर्ची आणली, कागद उलगडला. चिकटपट्टीचं टोक सापडेना, म्हणून ती नखाने चाचपत राहिलो. मागे खाट करकरली. नाना उठून दारात आले होते. त्यांचा आवाज मागून येतो तेव्हा कुणी बोलतंय की काही घासतंय हे चटकन कळत नाही, म्हणून मी वळायला उशीर केला असेन.

"तू कागद लावा," ते म्हणाले, "तुनी मायनी शेंडा खुडा, अन् मी तो टोपीमा मिरवा. तिन्ही जन चोर."

माय फुलं ओवत होती. तिची सुई थांबली. नाना त्या वर्षी समोरच्या खाटेवर पडून होते, बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांना कुणी विश्रांती सांगितली नव्हती. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मी खुर्चीवर चढलेला, माय पाठमोरी शेंडे खुडणारी. आणि आरशात टोपी पाहून त्यांनी जी मान डोलावली होती ती आम्हा दोघांसाठी होती. इतकी वर्षं तो माणूस आमचं मन राखत, टोपीत तुरा मिरवत गप्प बसला होता.

"काढ तो कागद," नाना म्हणाले. "उजेड येऊ दे. जे शे ते शे, भाऊ."

जे आहे ते आहे. मी मायकडे पाहिलं. तिने नको म्हणावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. तिने माळेत पुढचं फूल ओवलं. मी खुर्चीवरून उतरलो. काचेवर जुन्या चिकटपट्ट्यांचे पिवळट चौकोन होते, एकावर एक, मागच्या सगळ्या वर्षांचे. मी ते नखाने खरवडत बसलो. सगळे निघाले नाहीत.

हे नवरात्र मी कसं काढलं ते माझं मला माहीत. रोज सकाळी ऊन त्या मातीवर येऊन बसायचं आणि माझे हात शिवशिवायचे. शाळेत सातवीला तोच पाठ चालू होता. तिसऱ्या माळेला कोंब आले, बुटके, टणक, हिरवे. माय बराच वेळ त्यांच्यापुढे बसली. मग खाटेकडे न पाहता तिने नानांना विचारलं, "वावरमा असं उगनं ते तुम्ही काय करतस?"

नाना खाटेवर उठून बसले. आवाज गोळा करायला त्यांना आता वेळ लागतो.

"गुपचूप घर येस," ते म्हणाले, "अन् पोटभर जेवस."

माय उठली आणि तिने तवा ठेवला. गिळायला त्रास होतो म्हणून नानांना ती भाकरी दुधात कुस्करून देते. त्या दिवशी तिने आपलीही भाकरी तशीच कुस्करली आणि ती दोघं एका ताटाशी बसून जेवली. मी दारात उभा राहून चहा प्यालो. बऱ्याच दिवसांनी एका जागी उभा राहून.

आज दसरा. सकाळी मायने घट हलवला. तुरे वीतभरही नव्हते, पण ताठ होते. तिने चांगले निवडले, मुळं धुतली. मग अंगठ्याचं नख सवयीने शेंड्यापाशी गेलं, आणि थांबलं. तिने ते पातं तसंच, शेंड्यासकट, नानांच्या टोपीत खोवलं. नानांनी टोपी सारखी केली. आरसा मागितला नाही. ते गॅलरीत जाऊन उन्हात बसले आहेत, टोपीवर तेवढं एक हिरवं आहे. रिपोर्ट अजून यायचा आहे.